प्रति: बाल न्याय मंडळातलं समन्वयाचं काम
वर कोणीतरी लिहिलंय की बाल न्याय मंडळातलं (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं जिथे चालतात) हे काम म्हणजे तारखा लिहा आणि फायली हलवा. तारखा आहेतच, पण त्या तारखांवरच पोराचं सगळं अवलंबून असतं हो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने पोलिसांनी पकडलेल्या मुलाला २४ तासांत मंडळासमोर आणायचं, पोलिसांनी पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाच्या घरची परिस्थिती बघून मंडळाला कळवणारा) लगेच कळवायचं, मग दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल. आता पोलीस ठाण्यातून फोनच उशिरा आला तर घर, शेजारी, शाळा सगळं बघून अहवाल लिहायचा कधी?

आणि पालकांबद्दल इथे कोणीच बोललं नाही. जामीन बहुतेकदा मिळतो, त्याच कायद्याचं कलम १२ तसंच आहे, पण मूल ताब्यात घ्यायला घरचं माणूस समोर लागतं. एका पोराची आई धुणीभांडी करायची, तारखेला यायचं म्हणजे दिवसाचे पैसे बुडणार म्हणून आली नाही आणि फाईलवर शेरा पडला 'पालक उदासीन'. मी खोलीवर गेले तर त्या बाईने पोराचं दहावीचं हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेलं, उदासीन कसली! ते अहवालात घातलं, तिच्या मालकिणीशी बोलले आणि पुढच्या तारखेला ती वेळेच्या आधीच येऊन बसली होती.