नेपाळची लाईट बांगलादेशात जाते, मग कोगनोळी-कागलला काय झालंय?

निपाणीचा ऊसवाला:
आमचं रान अर्धं कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, अर्धं महाराष्ट्रातल्या कागलात, मधी नुसता बांध. सोलर पंपासाठी इकडं गेलो तर म्हणाले विहीर महाराष्ट्रात येते, तिकडं गेलो तर म्हणाले आधारवर पत्ता कर्नाटकाचा. दोन वर्षं झाली, वडील अजून रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला उसात जातात, साप-किरडू काय कमी आहे का तिथं. आणि तिकडं बघा, ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत, बांगलादेश बसले आणि नेपाळच्या नद्यांवरची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशला द्यायचं ठरलं, १५ जून ते १५ नोव्हेंबर. दर ठरला, मीटर बिहारातल्या मुझफ्फरपूरला वाचायचा हेसुद्धा ठरलं. तीन देशांना जमतंय ते दोन राज्यांना का जमू नये? सीमेवरच्या गावांना सोलर फीडर, म्हणजे सोलरची वीज पंपांना देणारी लाईन, एकत्र करा, ज्याचं सबस्टेशन जवळ त्यानं लाईट द्यावी.

उद्यमबाग फौंड्री:
भावा, तार कधीच जोडलीय. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी देशाला जोडला गेला. अडचण पैशाची आहे. कर्नाटक १० एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल भरतं, महाराष्ट्र ७.५ पर्यंत, मग तुझी मोटर तिकडं आणि फीडर इकडचा असला तर सबसिडी कुणाच्या खिशातनं? बांगलादेश युनिटमागं ६.४ अमेरिकन सेंट मोजतोय, वर तारांचं भाडं वेगळं. कारखान्याला २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमानं १०० किलोवॅटपासून पुढच्या जोडणीवर बाहेरच्या कंपनीची सोलर वीज घेता येते, कारण तो पैसे भरतो. तुझं उदाहरण मला पटत नाही.

खानापूरची लेक:
दादा, शेतकरी फुकट कुठं मागतोय, दिवसा मागतोय. आणि नेपाळ नुसता विकत नाही हो, हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच भारताकडून वीज घेतो. तशीच देवाणघेवाण आपल्यात होऊ शकते की. दुपारी कर्नाटकातल्या पावगडचं ऊन, २०५० मेगावॅटचा पार्क आहे तो, तीही जमीन शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतलेली. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की महाराष्ट्राच्या कोयना धरणाची वीज, १९६० मेगावॅट. पावसाळ्यात ढगानं सोलर पडतं तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीकडचा पवनचक्क्यांचा वारा जोरात असतो. एकाचं जास्त असतं तेव्हा दुसऱ्याला कमी पडतं, हे बसून लिहून काढायला कुणी आडवलंय?

चिकोडीचा मास्तर:
ताई, मन आडवतंय. २०१९ च्या महापुरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून दोन्हीकडनं काय काय बोललं गेलं ते आम्ही पाण्यात उभं राहून ऐकलंय. लाईटीचं बटण दुसऱ्या राज्याच्या हातात द्यायचं म्हटलं की माझा जीव नको म्हणतो.

खानापूरची लेक:
सर, पण उन्हाळ्यात कृष्णा कोरडी पडली की कर्नाटक कोयना-वारणेचं पाणी मागतंच की, आणि ते सोडलंही गेलंय. भांडण असतानाच सोडलंय.

उद्यमबाग फौंड्री:
पाणी सोडायला मंत्री बोलले. बिलाचा हिशोब कोण बोलणार ते सांगा, मग मी सही करतो.

निपाणीचा ऊसवाला:
अण्णा, आमच्या मोटरला मीटर बसवा, जे काय बिल येईल ते भरतो, सबसिडीचं त्यांनी नंतर वाटून घ्यावं. ज्यांचं रान दोन्हीकडं आहे त्यांनी सातबारा आणि आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) दोन्ही काढून ठेवा, दोन्ही तहसीलदारांना एकच अर्ज देऊया. मास्तर, कन्नडातला मसुदा तुम्ही लिहाल काय?

चिकोडीचा मास्तर:
लिहितो. पण माझं मत बदललं नाही.