मदत हवी आहे: भाऊ हट्ट करतोय की हा कॅटाटोनिया आहे? डॉक्टरांना कसं विचारू?

मधली_बहीण

थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून भलतंच उत्तर मिळण्यापेक्षा ते बरं.

धाकटा भाऊ, वय २४. दीड वर्षापासून नैराश्याची औषधं चालू आहेत, बऱ्यापैकी सावरला होता. गेले अकरा दिवस तो जवळजवळ बोलतच नाही. पहिले दोन दिवस वाटलं, रुसलाय. मग एकदा शर्ट बदलायला मी त्याचा हात वर केला, खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकले आणि बघते तर हात तसाच वर. दहा मिनिटं तरी हवेत होता. मी खाली आणला तेव्हा आला, पण मऊ झालेली मेणबत्ती वाकवावी तसा.

झोपतो तेव्हा डोकं उशीला टेकत नाही, दोन बोटं वरच राहतं. घास तोंडात धरून बसतो. ‘पाणी हवं का?’ विचारलं तर कधीतरी ‘हवं का, हवं का’ एवढंच. हाताला धरून उठवायला गेलं की उलट जोर लावतो. यावरूनच बाबा म्हणतात, जोर लावतोय म्हणजे सगळं कळतंय, नाटकं आहेत. आणि परवा रात्री हाच मुलगा दोन तास या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होता. मग दाराच्या चौकटीत थबकला तो पहाटेपर्यंत.

डॉक्टरांना दाखवलं. पाच-सात मिनिटांची भेट. ‘आजार सायकोसिसकडे, म्हणजे भास-भ्रमांकडे, झुकतोय’ म्हणून एक इंजेक्शन दिलं, गोळ्या बदलल्या. त्यानंतर अंग जास्तच ताठ झालंय. दीड वर्ष त्यांनीच त्याला सांभाळलं, म्हणून तर शंका काढायला अवघड वाटतंय. नर्स असलेली मैत्रीण फोनवर म्हणाली, कॅटाटोनिया आहे का विचार. शब्द शोधला: माणूस बोलेनासा, हलेनासा होतो, ठेवू तसा राहतो. प्रत्येक ओळ भावाचीच. अर्थात नेटवर शोधलं की साध्या डोकेदुखीचाही ट्यूमर होतो, हे मलाही कळतं.

तर प्रश्न असा की हे निदान पक्कं कसं करतात? मी काय मागू, आणि ‘नेटवर वाचलं’ असं न म्हणता कसं मांडू?

टोकदार

आमच्या नात्यात एकाचं अगदी असंच होतं. स्किझोफ्रेनिया निघाला. मनाची तयारी ठेवा, एवढंच सांगतो.

रात्रपाळी

टोकदार, जरा थांबा. हाच समज शंभर वर्षं नडलाय. काल्बाउम या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं १८७४ साली कॅटाटोनियाचं वर्णन केलं ते स्वतंत्र आजार म्हणून. पुढे क्रेपेलिन आणि ब्लॉयलर यांनी तो आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्याच्या पोटात टाकला, आणि मग कुणीही असा गोठलेला दिसला की तेच लेबल लागत राहिलं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, ही गाठ सैल झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, तर कॅटाटोनियाला स्वतःची जागा मिळाली. प्रत्यक्षात तो नैराश्यात आणि बायपोलरमध्ये भरपूर दिसतो, मेंदूच्या आणि शरीराच्या आजारांतही दिसतो.

ताई, मी मानसोपचार विभागात काम करते. न बघता निदान सांगणार नाही. पण उद्याची वाट न बघता काही गोष्टी तपासा: ताप आहे का, घाम फुटतोय का, नाडी जलद आहे का, लघवी शेवटची कधी झाली, एखादी पोटरी सुजलीय का. ताप, ताठरपणा आणि वरखाली होणारं बीपी हे एकत्र आलं तर तो जिवावर बेतणारा प्रकार असू शकतो. नुसतं एका जागी पडून राहिल्यानंही पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाते. खाणंपिणं बंद असलेला माणूस घरी ठेवायचा नसतो.

निदानाचं म्हणाल तर रक्ताची किंवा स्कॅनची अशी एकच चाचणी नाही, माणूस नीट बघावा लागतो. बुश-फ्रान्सिस नावाची २३ मुद्द्यांची मोजपट्टी आहे. तिच्या पहिल्या १४ पैकी दोन लक्षणं दिसली तरी पुढे तपासायचं. हात वर ठेवून बघणं, उलटा जोर लागतो का बघणं, समोरच्याचे शब्द किंवा हालचाल तो पुन्हा करतो का बघणं, असं सगळं त्यात येतं. कुणी खुर्चीत बसूनच ‘बोलत नाही’ एवढं लिहून घेतलं तर यातलं काहीच दिसत नाही. येरझाऱ्यांचाही उल्लेख नक्की करा. कॅटाटोनिया म्हणजे पुतळाच, असं नसतं.

मग लोराझेपाम या घबराट-झोपेसाठी वापरतात त्या औषधाची चाचणी. एक-दोन मिलिग्रॅम, शक्यतो शिरेतून, आधी आणि नंतर तीच मोजपट्टी. लागू पडलं तर बऱ्याचदा काही मिनिटांत फरक दिसतो. नाही पडलं म्हणून कॅटाटोनिया नाही, असं मात्र होत नाही. सायकोसिसच्या काही औषधांनी कॅटाटोनिया बिघडू शकतो, त्यामुळे इंजेक्शनचं नाव आणि तारीख लिहून न्या. आणि एक विचारते, तो झोपेची किंवा घबराटीची एखादी गोळी घेत होता का? अचानक बंद केली का?

मधली_बहीण

ताप नाही. लघवी कालपासून एकदाच. पोटरी ठीक वाटते.

गोळीचं वाचून त्याचा खण उघडला. क्लोनाझेपाम या घबराटीच्या गोळीच्या तीन पाकिटांना हातही लागलेला नाही. सवय लागेल म्हणून सोडणार, असं तो मागे म्हणाला होता. आम्ही शाबासकी दिली होती. हे सगळं सुरू व्हायच्या साधारण आठवडाभर आधी.

रात्रपाळी

निघा. आत्ताच, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. पाकिटं बरोबर घ्या. घरी स्वतःच्या मनानं ती गोळी देऊ नका, गिळत नाहीये, श्वासनलिकेत जाईल. तिथे आजाराचं नाव सांगत बसू नका. ‘अकरा दिवस बोलत नाही, खात नाही, हात ठेवू तिथे राहतो, क्लोनाझेपाम अचानक बंद केली होती, इंजेक्शननंतर वाढलं’ एवढं म्हणा. मग ‘कॅटाटोनियासाठी तपासाल का?’ हा प्रश्न आपोआप बसतो. हात हवेत राहिल्याचा व्हिडिओ असेल तर दाखवा, डॉक्टरांसमोर नेमकं ते घडत नाही.

गोळी बंद करणं हेच कारण, असं मात्र धरून चालू नका. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), सोडियम, किडनी, मेंदूच्या दाहाची तपासणी, हे सगळं तेही बघतीलच. फिट येत असूनही अंग न हलणं असा एक प्रकार असतो, तो ईईजीशिवाय कळत नाही. तरुण माणसात मेंदूचा दाह करणाऱ्या, एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीही लक्षात ठेवाव्या लागतात.

गवतफूल

धागा वाचून हात थरथरले. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. सतराव्या वर्षी ती दारात अडकायला लागली, चमचा अर्ध्यावर थांबायचा. जिथे दाखवलं तिथे ‘ऑटिझमच आहे, वय वाढतंय’ असंच ऐकलं. दीड वर्ष गेलं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी २००० साली यावर लिहून ठेवलंय हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्याकडे आलेल्या १५ वर्षांवरच्या ऑटिस्टिक व्यक्तींपैकी १७ टक्क्यांत कॅटाटोनियासारखी लक्षणं होती. पूर्वी करत असलेली गोष्ट मूल करेनासं झालं तर ‘स्वभाव’ म्हणून सोडू नका, एवढं इथे नोंदवून ठेवते.

माझ्या मुलीला गोळ्या पुरल्या नाहीत, ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांचे उपचार, द्यावी लागली. भूल देऊन करतात. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. मी बाहेर बसून रडत होते आणि ती उठल्यावर चहा मागत होती.

मधली_बहीण

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा.

तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात स्वतः उचलून ठेवला आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. मी तिथेच रडले. लोराझेपाम शिरेतून दिलं. आठव्या-नवव्या मिनिटाला त्यानं हात खाली घेतला आणि म्हणाला, ‘खांदा दुखतोय.’ अकरा दिवसांतलं पहिलं वाक्य. तीन-चार तासांनी पुन्हा गोठला, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. पण त्या म्हणाल्या, औषधाचा असर ओसरतो, आता ठरलेल्या वेळांना देत राहू. डोस बघून मी घाबरले होते, झोपेसाठी देतात त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तरी तो झोपत नाही, उलट जागा होतो! ईईजीत फिट दिसली नाही. सोडियम कमी होतं, ते भरून काढतायत. अँटिबॉडीचा अहवाल यायचाय. आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन केला. ते गप्प राहिले, मग म्हणाले, ‘मी हात उचलून बघायला हवा होता.’

रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता वेगळंच पुढ्यात आलंय. त्याला सगळं आठवतंय. आपण हललो तर काहीतरी भयंकर होईल, असं त्याला आतून वाटत होतं. बाबा दारात उभे राहून ‘नाटकं’ म्हणाले तेही त्यानं ऐकलंय, शब्दनशब्द. बाबा कालपासून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आहेत, आत येत नाहीत. तो विचारतो, बाबा कुठायत. यातून कुणी गेलं असेल तर सांगा, आधी कुणाशी बोलू?