मदत हवी आहे: जुनी १६१३ घाटात ट्रॉली ओढत नाही, पंप वाढवावा का?

पाळणेवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचा आकाशपाळण्याचा धंदा. वडिलांपासून चालू आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा झाली की होम मैदानावरून पाळणा उतरवायचा आणि कोकणात आंगणेवाडी, कुणकेश्वरच्या जत्रा करून परत यायचं, हा दरवर्षीचा शिरस्ता. आंगणेवाडीची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्यामुळे आमची तयारी कायम घाईत.

गाडी टाटा १६१३, पुढं बॉनेटवाली, टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) असलेलं कमिन्स इंजिन, आमच्या हातात आठ वर्षं. पाळण्याचं सगळं लोखंड गाडीत आणि मागं दोन चाकी ट्रॉलीवर जनरेटर. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर इथपर्यंत काही तक्रार नाही. खरी परीक्षा फोंडा घाटात, तीसुद्धा येताना. गेल्या वर्षी तीन वेळा पाणी उकळलं. मागं काळा धूर एवढा की मागचे मोटारसायकलवाले शिव्या घालत होते. सेकंडच्या वर गाडी जाईना, काटा ८-१० वर. शेवटी ट्रॉली पायथ्याला सोडली, गाडी दाजीपूरच्या बाजूला वर नेऊन लावली आणि गावातला ट्रॅक्टर भाड्याने घेऊन ट्रॉली वर आणली. त्यात अख्खा दिवस गेला, वर ट्रॅक्टरचं भाडं.

आता एक मिस्त्री म्हणतो, डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून देतो, इंजिनात डिझेल जास्त पडेल, गाडी पळायला लागेल. गाडी चालवणारे अण्णा म्हणतात, तो सांगतो तसं कर. मला पटत नाहीये, पण नक्की कारणही सांगता येत नाही. निघायला दोन आठवडे आहेत. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

घाटमाथा_६५

दादा, आधी वजनकाट्यावर जाऊन या. गाडी वेगळी, ट्रॉली वेगळी. "पाळण्याचं सगळं लोखंड" हा आकडा नव्हे.

पाळणेवाला_सोलापूर

आजच करून आलो. भरलेली गाडी १३.८ टन, ट्रॉली ३.१ टन. जनरेटर, केबलचे ड्रम आणि वर चढवलेला बायकोचा संसार धरून.

घाटमाथा_६५

म्हणजे जवळपास १७ टन. आता हिशोब बघा, कंटाळा करू नका.

चढ ७ टक्के धरू, म्हणजे १०० मीटर चाललं की ७ मीटर वर. त्यात टायर आणि रस्त्याचं घर्षण आणखी एक टक्का. एवढं वजन वर ओढायला साधारण १३,३०० न्यूटन जोर लागतो. तुमच्या गाडीच्या नावातच उत्तर आहे: १६ म्हणजे टन, १३ म्हणजे १३० हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जाणारं वजा करून चाकापर्यंत पंच्याऐंशी टक्के पोचले, तर वेग येतो ताशी २२ किलोमीटर. इंजिन ठणठणीत असलं तरी तुमची गाडी त्या चढाला बावीसच्या वर जाणार नाही. ही वरची हद्द.

पण तुम्ही ८-१० म्हणताय. १० ला उलटा हिशोब केला तर इंजिन जेमतेम ६० हॉर्सपॉवर देतंय. अर्धी ताकद कुठं गेली, ते आधी शोधा. मिस्त्रीनं पंप वाढवून १६० केले असं धरलं, तरी बावीसचे सत्तावीस होतील. पाच किलोमीटरसाठी पिस्टन वितळवायचा का, ते तुम्ही ठरवा.

नोझल_कंट्रोल

वरचं गणित बरोबर. मी पंपाचं काम करतो म्हणून सांगतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. डिझेल कमी पडलं की गाडी धूर न काढता नुसती मरगळते. तुमची धूर ओकतेय, म्हणजे डिझेल आहे, हवा नाही. तिथं आणखी डिझेल ओतलं तर धूर वाढेल, एक्झॉस्टचं तापमान वाढेल, पाणी आणखी लवकर उकळेल. हेड गॅस्केट जाईल, मग टर्बो.

दोन गोष्टी बघा. एक, पंपावरच्या स्क्रूचं शिशाचं सील जागेवर आहे का; नसेल तर स्क्रूला आधीच कोणी हात लावलेला असू शकतो. दुसरं, टर्बोपासून निघणारा पाईप इंजिनच्या डोक्यावरून पलीकडं जातो, त्याच्या रबरी होजखालून हात फिरवा. वरून बघून काही कळत नाही. हाताला तेलकट काळं लागलं तर समजा हवा तिथून जातेय. एअर फिल्टर तर सगळ्यात आधी. यात्रेच्या मैदानावर धूळ किती असते ते मी सांगायला नको.

लाईनवाला

माझं मत वेगळं. टायर कुठले आहेत? ९००-२० च्या जागी १०००-२० टाकले असतील तर चाकाचा घेर तीनेक टक्क्यांनी वाढतो, तेवढी ओढ कमी. आणि क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकं बघा. माझ्या गाडीत ४१ ला ७ दात होते, लांबच्या लाईनला बरे, घाटाला नाहीत. ४१ ला ६ टाकले. म्हणजे ५.८६ चं प्रमाण ६.८३ झालं, प्रत्येक गिअरला जवळपास सतरा टक्के जास्त ओढ. पंपाला हात न लावता.

घाटमाथा_६५

त्यानं हॉर्सपॉवर वाढत नाही हो. ती ओढ खालच्या गिअरला आहेच. फायदा एवढाच की सेकंड फार हळू आणि थर्डला दम तोडते, असं होत असेल तर त्यांच्या मधला वेग मिळतो. आणि सोलापूर-कोल्हापूर सपाटीवर इंजिन कायम ओरडत राहणार, त्याचं डिझेल कोण भरणार? वर्षातून एका घाटासाठी मी तरी नाही बदलणार.

लाईनवाला

असेल. मी वर्षभर घाटातच असतो.

भीमाकाठ

एक विचारू का? सगळे चढाचं बोलताय. सोलापूरहून कोकणात जाताना हा माणूस घाट उतरतो. हेच १७ टन घेऊन. ट्रॉलीला ब्रेक आहे का?

पाळणेवाला_सोलापूर

ट्रॉलीला ब्रेक नाही. हूक, पिन आणि एक साखळी. आतापर्यंत काही झालं नाही. अण्णा उतरताना थर्डला सोडतात, ब्रेक दाबत दाबत. खाली पोचलो की ड्रमचा वास येतो, मग चहा पिईपर्यंत थांबतो.

भीमाकाठ

वास येतो म्हणजे ब्रेकचे लायनर तापून धरायचे बंद व्हायला आले आहेत. त्यापुढं पेडल दाबाल, हवा जाईल, आणि गाडी थांबणार नाही. ट्रॉलीचे तीन टन वळणावर मागून ढकलतात, गाडीचं बूड बाहेर फेकतात. जुन्या ड्रायव्हरांचं एकच सांगणं असायचं: ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरा. माथ्यावरच, उतार लागायच्या आधी सेकंड. ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही. एकदा घट्ट दाबून वेग कमी करायचा, सोडायचा, ड्रमला हवा लागू द्यायची. आणि न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा विचारसुद्धा नको.

माझ्या मते ताकद वाढवायचा पैसा आधी ट्रॉलीच्या ब्रेकवर घाला. चढताना गाडी थांबली तर चाकाला दगड लावता येतो.

नोझल_कंट्रोल

+१. आणि पाणी उकळण्याबद्दल राहिलंच. रेडिएटरमध्ये कुठलं पाणी घालता?

पाळणेवाला_सोलापूर

मैदानावर जे मिळेल ते. बहुतेक बोअरचं.

नोझल_कंट्रोल

मग झालं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं घरातली बादली पांढरी होते, रेडिएटरच्या नळ्या त्याहून बारीक. खोलून नळ्यांतून रॉड मारून साफ करून घ्या, नंतर कूलंट. फॅन बेल्ट सैल आहे का तेही बघा. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला असेल तर परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहते हा गैरसमज आहे.

पाळणेवाला_सोलापूर

नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा. काय सापडलं ते सांगतो.

होज खालच्या बाजूनं बोटभर फाटलेला. क्लिप घट्ट होती, त्यामुळं वरून नवा दिसत होता. एअर फिल्टर झटकला तर गड्ड्याची अर्धी माती निघाली. पण खरा धक्का पंपाचा. सील होतंच कुठं! पंप काढून तपासणीच्या बेंचवर लावला तर डिझेल कंपनीच्या तक्त्यापेक्षा बरंच जास्त पडत होतं. म्हणजे आधीच्या मालकानं कधीच वाढवून घेतला होता. मिस्त्री जे करायला निघाला होता ते आधीच झालेलं, आणि आम्ही आठ वर्षं त्याचा धूर बघतोय. पंप परत तक्त्याप्रमाणे लावून सील करून घेतला. नोझलचं प्रेशर, टॅपेट पण करून घेतले. रेडिएटरच्या जवळजवळ एक तृतीयांश नळ्या बंद होत्या. थर्मोस्टॅट नव्हताच, नवीन टाकला.

अण्णा आधी चिडले, पैसे देऊन पंप कमी कोण करतं म्हणून. मग भरलेली गाडी ट्रॉलीसकट पुलाच्या चढावर नेली. जिथं सेकंड टाकावा लागायचा तिथं थर्डला गेली, धूर नावाला. अण्णा काही बोलले नाहीत, पण परत येताना स्टिअरिंग मला दिलं नाही. घाटात काय होतं ते येताना कळेल. टायर १०००-२० च आहेत, ते घासल्यावर बघू. क्राऊनला हात लावणार नाही.

आता ब्रेकचं. ट्रॉलीला एअर ब्रेक बसवायचाय, गाडीच्या हवेच्या टाकीतून लाईन काढून. आरटीओच्या कागदाला चालेल असं काम हवंय, नुसतं वेल्डिंग नको. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत ट्रेलरचा एक्सल बनवणारे कोणी नीट काम करतात का? आणि जुना एक्सल ठेवून ड्रम बसतो की एक्सलच बदलावा लागतो?

भीमाकाठ

एक्सलच बदला. जुन्या ट्रॉलीच्या एक्सलला बहुतेक वेळा ब्रेकची बैठकच नसते, वेल्ड करून बसवलेली प्लेट घाटात तापली की निघू शकते. साखळीसुद्धा एक नको, दोन लावा, हुकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या; पिन निसटली तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांवर पडतो. आणि लाईन अशी घ्या की ट्रॉली सुटली तर हवा जाऊन तिचा ब्रेक आपोआप लागला पाहिजे. वर्कशॉपवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा. तो गोंधळला तर दुसरीकडं जा. निघायची तारीख किती आहे?

पाळणेवाला_सोलापूर

येत्या शुक्रवारी. एक्सल तोवर झाला नाही तर जनरेटर वेगळ्या भाड्याच्या टेम्पोनं पाठवतो, अण्णांना सांगितलंय. ते "बघू" म्हणालेत.