ग्रीक रुग्णालये : अस्क्लेपिओन, क्सेनोन आणि नोसोकोमीओ या शब्दांविषयी

प्रश्न : प्राचीन ग्रीसवरील मराठी लेखनात एपिदाव्रोस आणि कोस येथील अस्क्लेपिओनांना सर्रास ‘जगातील पहिली रुग्णालये’ म्हटलेले आढळते. आजचे ग्रीक लोक मात्र रुग्णालयाला ‘नोसोकोमीओ’ म्हणतात, आणि मध्ययुगीन कॉन्स्टँटिनोपलच्या संदर्भात ‘क्सेनोन’ असा तिसराच शब्द येतो. हे तिन्ही शब्द एकाच संस्थेचे आहेत काय, आणि मराठीत त्यांच्यासाठी काय वापरावे?

उत्तर : तिन्ही संस्था वेगळ्या आहेत, आणि पहिलीला रुग्णालय म्हणणे मला मुळीच पटत नाही. अस्क्लेपिओन म्हणजे आरोग्यदेव अस्क्लेपिओसचे क्षेत्र. तेथे आलेला आजारी माणूस स्नान करून शुद्ध होई, नैवेद्य किंवा बळी अर्पण करी आणि रात्री ‘अबातोन’ नावाच्या इमारतीत झोपे, ते देवाने स्वप्नात येऊन उपचार करावा किंवा उपाय सांगावा म्हणून. मराठीत याला ‘दृष्टांत’ हा नेमका शब्द आहे, आणि त्या झोपेला ‘दृष्टांतनिद्रा’ म्हटले तर कोणत्याही मराठी वाचकाला वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. एपिदाव्रोसला इ. स. पूर्व चौथ्या शतकातले शिलालेख सापडले असून त्यांत बरे झालेल्यांच्या हकिकती कोरल्या आहेत. त्यांपैकी एक अथेन्सच्या अम्ब्रोसिया नावाच्या, एका डोळ्याने आंधळ्या असलेल्या बाईची आहे. लंगडे आणि आंधळे नुसत्या स्वप्नाने बरे होतात, या गोष्टीला ती आवारात फिरता फिरता हसली होती. रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला की तुला बरी करतो, परंतु तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून देवळात चांदीचे डुक्कर वाहा. मग त्याने तिचा डोळा चिरून त्यात औषध ओतले आणि सकाळी ती बरी होऊन बाहेर पडली. या हकिकतीत नवस आहे, प्रचीती आहे, थोडी अद्दलही आहे. परंतु खाट, परिचारक किंवा रोजची देखभाल कोठेच नाही.

याहून मोठा पुरावा पौसानियास या प्रवाशाच्या वर्णनात मिळतो. एपिदाव्रोसच्या पवित्र आवारात कोणी मरू नये आणि कोणी बाळंत होऊ नये, असा तेथे नियम होता, असे तो सांगतो. इ. स. दुसऱ्या शतकात अँटोनायनस नावाच्या रोमन सिनेटरने या दोन्ही कारणांसाठी आवाराबाहेर घर बांधून दिले, तोवर अशांची सोय नव्हती. मरणासन्न माणसाला आणि बाळंतिणीला दाराबाहेर ठेवणाऱ्या जागेला रुग्णालय म्हणणे कठीण आहे. ‘आरोग्यतीर्थ’ हा शब्द तेथे अधिक शोभतो.

त्याच काळी वैद्याचे स्वतःचे ठिकाण वेगळे होते आणि त्याला ‘इआत्रेइओन’ म्हणत. हिप्पोक्रातिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात या ठिकाणच्या कामाविषयी स्वतंत्र प्रकरणच असून त्यात प्रकाश कोठून यावा, वैद्याने कसे बसावे, पट्टी कशी बांधावी इतके बारकावे दिले आहेत. आजही ग्रीसमध्ये डॉक्टरांच्या दारावर हाच शब्द दिसतो. उच्चार ‘यात्रीओ’सारखा ऐकू येतो, पण आपल्या यात्रेशी त्याचा संबंध नाही, आपल्याकडचा ‘दवाखाना’ म्हणजेच तो.

प्रश्न : मग खाटा टाकून रुग्णांना ठेवून घेणारी संस्था ग्रीक भाषिकांत केव्हा आली?

उत्तर : ख्रिस्ती काळात. इ. स. 370च्या सुमारास कप्पादोकियातील कैसरिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरीजवळ, बिशप बासिल यांनी गरीब, वाटसरू, आजारी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एवढा मोठा आश्रम उभारला की त्यांचे मित्र ग्रेगरी यांनी त्याला नवे नगरच म्हटले. अशा संस्थांना प्रथम ‘क्सेनोन’ किंवा ‘क्सेनोदोखेइओन’ म्हणत. ‘क्सेनोस’ म्हणजे परका, आणि म्हणूनच पाहुणाही. लॅटिनमध्येही हेच घडले. तेथील पाहुण्याच्या शब्दापासून हॉस्पिटल आले आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे, विशेषतः गोव्यात, ‘इस्पितळ’ झाले. त्यामुळे क्सेनोनसाठी मी ‘इस्पितळ’ सुचवीन. दोन्ही शब्दांचा मागचा प्रवास सारखाच आहे. ग्रीकमध्ये मात्र ‘क्सेनोदोखीओ’ पुढे हॉटेलासाठी रूढ झाला, हे ध्यानात ठेवावे.

क्सेनोन किती पुढे गेला होता, हे कॉन्स्टँटिनोपलच्या पांतोक्रातोर मठाच्या 1136च्या नियमपत्रावरून कळते. सम्राट दुसरा योआनिस कोम्निनोस याने स्थापलेल्या या इस्पितळात 50 खाटा होत्या : जखमी व हाडे मोडलेल्यांसाठी 10, डोळ्यांच्या व पोटाच्या विकारांसाठी 8, स्त्रियांसाठी 12 आणि इतर रुग्णांसाठी 20. अगदी हलता न येणाऱ्या रुग्णांसाठी मध्ये भोक पाडलेल्या गाद्यांच्या खाटा निराळ्या होत्या. स्त्रियांच्या विभागात एक स्त्री वैद्यही नेमलेली होती, अर्थात पुरुषांपेक्षा कमी वेतनावर.

‘नोसोकोमीओ’ हाही याच काळातला शब्द. ‘नोसोस’ म्हणजे रोग आणि ‘कोमेओ’ म्हणजे निगा राखणे. ग्रीकमध्ये परिचारिकेलाही ‘नोसोकोमा’ म्हणतात. अर्थाने याच्या सर्वांत जवळ आपला ‘शुश्रूषागृह’ येतो. मात्र महाराष्ट्रात तो खासगी नर्सिंग होमसाठी इतका रुळला आहे की 1884मध्ये राणी ओल्गा यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या अथेन्सच्या ‘एव्हांगेलिस्मोस’सारख्या मोठ्या संस्थेला तो लावला तर वाचकाची दिशाभूल होईल. 1983च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेतील सरकारी नोसोकोमीओंनाही तोच आक्षेप लागू पडतो. तेथे सरळ ‘रुग्णालय’च लिहावे.