मदत हवी आहे: सॅन स्टॉर्मच्या १.२ इंजिनाची ताकद टर्बो न लावता वाढवायची आहे (गोवा)

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा. माझ्याकडे जीए पासिंगची सॅन स्टॉर्म आहे. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९८ च्या सुमारास आलेली भारतीय बनावटीची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, बॉडी फायबरची. बॉनेटखाली रेनोचे डी७एफ इंजिन: ११४९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, मल्टीपॉइंट इंजेक्शन. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओमध्ये होते. कागदावर ताकद ६० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). गाडी हलकी आहे, स्टिअरिंग हातात बोलते, वळणावर तिच्यासारखी मजा मी दुसऱ्या कुठल्या गाडीत अनुभवलेली नाही. पण केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो की दुसऱ्या गिअरमध्ये साडेचार हजार आरपीएमच्या पुढे इंजिन नुसते ओरडते, ओढत नाही. मला नेमके तिथे काम करायचे आहे.

ज्याला विचारावे तो दोनच गोष्टी सांगतो: टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारे यंत्र) लाव, नाहीतर इंजिनच बदल. दोन्ही मला नको आहेत. इंजिन बदलले की मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आले, आरटीओची मंजुरी आली, आरसीवरचा इंजिन क्रमांक बदलणे आले. आणि पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची फेरनोंदणी करताना कागदपत्रांत काही वेगळे दिसायला नको. टर्बोचे म्हणाल तर या इंजिनाचे पिस्टन, रेडिएटर, बॉनेटखालची जागा, सगळेच त्यासाठी अपुरे आहे. शिवाय ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर मिळणारा तो थेट प्रतिसाद मला घालवायचा नाही. म्हणून हेच इंजिन, हाच ब्लॉक, आणि हवा स्वतःहून ओढूनच.

थोडे गणित करून पाहिले आहे, चुकत असेल तर सांगा. डी७एफचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ९३ एनएम, तो २५०० आरपीएमला. ६० पीएस मिळतात ५२५० ला. पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२४, म्हणजे ५२५० ला टॉर्क उरतो साधारण ८० एनएम. वर जाता जाता श्वास कोंडतो तो असा. हाच टॉर्क ६५०० पर्यंत ८५ एनएमवर टिकवता आला तर ७८ पीएसच्या वर जातो. ट्विंगोचे इंजिन शांत शहरी वापरासाठी बनवलेले, त्यामुळे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सौम्य आहे आणि पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे मार्ग) लहान. खाली ओढ भरपूर, वर नाही. म्हणजे जास्त हवा वरच्या आरपीएमला आत कशी जाईल, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि कॅममध्ये आहे असे मला वाटते.

आधी गाडीची तब्येत सांगतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन १७० ते १७५ पीएसआयच्या दरम्यान आहे. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, प्लग नवे. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे टाकून घेतले आहेत. रेडिएटर साफ केला आहे. म्हणजे मुळात आजारी इंजिनाला पळवायचा हा प्रकार नाही.

इनटेक मॅनिफोल्ड (हवा हेडपर्यंत आणणारे नळ) उतरवला तेव्हा एक गोष्ट दिसली. हेडच्या तोंडाला शाई लावून गॅस्केटवर छाप घेतला, मग तोच गॅस्केट मॅनिफोल्डवर ठेवला. तिसऱ्या सिलिंडरला खालच्या कडेला जवळपास दीड मिमीची पायरी आहे. हवा त्या कडेवर आपटूनच आत जाते. बाकीच्या तिन्हींना कमी, पण आहे. ही पायरी घासून काढायची हे नक्की. पण पुढे पोर्ट किती मोठे करायचे? माझ्या वाचनात असे आले की खरा फायदा व्हॉल्व्हच्या लगेच मागच्या भागात आणि व्हॉल्व्ह सीटच्या (बंद झाल्यावर व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कटिंगमध्ये असतो, सीट तीन कोनांत कापून घेतली तर मोठा फरक पडतो, आणि पोर्ट उगाच रुंद केले तर हवेचा वेग पडून खालची ओढ मात्र जाते. आठ व्हॉल्व्हच्या हेडवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया यावर बोलावे.

कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते) साधारण ९.६ आहे, तो १०.५ पर्यंत न्यायचा विचार आहे. बोअर ६९ मिमी, स्ट्रोक ७६.८, म्हणजे एका सिलिंडरला २८७ सीसी. हिशेबाने चेंबरमधून (हेडमधली ज्वलनाची जागा) तीन सीसी कमी करावे लागतात, आणि त्यासाठी हेडचे किमान ०.८ मिमी फेसिंग (खालची बाजू घासून काढणे). चेंबरचे तोंड बोअरपेक्षा लहान असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच. इथे दोन शंका आहेत. एक, एवढे खाली घेतल्यावर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये अंतर पुरेल का? मातीच्या गोळ्या पिस्टनवर ठेवून, इंजिन हाताने फिरवून मोजणार आहेच, पण कुणाला आधीच माहीत असेल तर बरे. दुसरी, हेड खाली आले की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग मागे पडते. त्यासाठी ॲडजस्ट होणारी कॅम पुली लागेल. ती या इंजिनासाठी तयार मिळते की लेथवर करून घ्यावी लागेल?

आता पेट्रोल. पूर्वी याबद्दल कुणी विचार करत नसे, पण आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) येते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. तेवढ्याच हवेला आठेक टक्के इंधन जास्त हवे. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्या सेन्सरकडे न बघता आत साठवलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता ई२० च्या कितीतरी आधीचा आहे. मी वाइडबँड सेन्सर बसवून पाहिले: घाटात फुल थ्रॉटलला लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण; १ म्हणजे अचूक, कमी म्हणजे इंधन जास्त) ०.९८ दाखवतो. तिथे ०.८७ ते ०.९० च्या दरम्यान असायला हवा. म्हणजे इंजिन आत्ताच उपाशी पळते आहे, आणि हेडचे काम केल्यावर हवा वाढली की आणखी उपाशी पळेल. उपाशी इंजिन तापते, नॉक करते (इंधन अवेळी पेटून ठोके देते) आणि शेवटी पिस्टन घेऊन जाते. म्हणून माझ्या मते ईसीयूचे काम सगळ्यात आधी, बाकी हौस नंतर. ई२० ची जमेची बाजूही आहे: ऑक्टेन जास्त आणि इथेनॉल उडताना हवा थंड करते, त्यामुळे १०.५ चे कॉम्प्रेशन पेलवेल असा माझा अंदाज आहे. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट (स्वतः ट्यून करता येणारे ईसीयू) डी७एफवर चालवलेले कुणी आहे का? मूळ क्रँक सेन्सर तसाच वापरता येतो का?

कॅमबद्दल मला सगळ्यात कमी माहिती आहे. नवा कॅम परदेशातून मागवण्यापेक्षा जुनाच रीग्राइंड करून (घासून नवा आकार देऊन) घ्यावा असे वाटते. पण त्यात बेस सर्कल (कॅमचा गोल भाग) लहान होते, रॉकरचा कोन बदलतो. मला पणजीच्या ट्रॅफिकमध्येही गाडी न्यायची असते, ८०० आरपीएमला नीट उभी राहायला हवी. मॅनिफोल्डमधला दाब मोजून इंधन ठरवणाऱ्या ईसीयूला तापट (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम चालत नाही, कारण आयडलला दाबच हेलकावे खातो. किती ड्युरेशनपर्यंत (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) सुरक्षित आहे?

एक्झॉस्टचे फारसे विचारत नाही. चार-दोन-एक हेडर (चार नळ आधी दोनांत, मग एकात मिळणारे) करून घेणार, सायलेन्सर आणि आवाज कायद्यात बसणारा ठेवणार.

भर: प्रतिसादांत आलेल्या प्रश्नांसाठी

कोन फिल्टर लावा असे दोघांनी सुचवले आहे. बॉनेटखाली उघडा फिल्टर इथल्या मे महिन्यात गरम हवाच ओढेल. हवा दहा अंशांनी तापली की घनता तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे मिळवले ते तिथेच गेले. मूळ फिल्टर बॉक्स ठेवून समोरच्या जाळीतून पाइप आणायचा आहे, आणि पावसाळ्यात पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला खाली निचऱ्याचे भोक.

डायनो (इंजिनाची ताकद मोजायचे यंत्र) बेळगावला शोध असेही एकाने लिहिले. मशीनकाम तिथे किंवा कोल्हापुरात करून घ्यायला मी आनंदाने तयार आहे, दोन्हीकडचे लेथवाले चांगले आहेत. पण बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. हवेचा दाब इथल्यापेक्षा आठेक टक्के कमी, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तशीच घटते. इथे उंचीचा त्रास नाही, तर दमट हवा आहे: पावसाळ्यात वाफेनेच तीन-चार टक्के जागा व्यापलेली असते. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे माप एकाच डायनोवर, करेक्शन लावून घ्यायचे आहे. समुद्रसपाटीला, गोव्यात किंवा सिंधुदुर्गात, रोलरचा डायनो कुणाला माहीत आहे का?

गिअर रेशो बदलायचा सल्लाही आला आहे, आणि तो मला पटला. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची गिअरजोडी) थोडी आखूड केली तर घाटात ओढ मिळेल, इंजिनाला हात न लावता. फक्त झुआरी पुलावर आणि पुढे हायवेवर पाचव्या गिअरमध्ये इंजिन सतत वर फिरत राहील. ज्यांनी असे केले आहे त्यांनी ८० च्या वेगाला किती आरपीएम पडतात ते लिहावे.

हेड पावसाळ्यात उतरवणार आहे, तेव्हा गाडी तशीही झाकूनच असते. कॅम आणि पुलीचे त्याआधी ठरले तर फेसिंग, सीट कटिंग आणि टायमिंग एकाच फेरीत होईल, आणि हेड गॅस्केट दुसऱ्यांदा शोधावे लागणार नाही. ते मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. कुणाकडे डी७एफचे गॅस्केट पडून असेल तर व्यनि करा, योग्य किंमत देईन.