लिचफिल्डमध्ये साधी गाडी पुरेल का?

ऑस्ट्रेलियातील लिचफिल्ड राष्ट्रीय उद्यानासाठी साधी गाडी पुरेल की फोर-व्हील-ड्राइव्हच (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घ्यावी, या प्रश्नाला ‘साधी पुरेल’ असे उत्तर मिळते. ते खरे असले तरी अपुरे आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवरील या उद्यानात फ्लोरेन्स धबधबा आणि ब्यूली रॉकहोलचे पायरीपायरीने उतरणारे डोह डांबरी रस्त्याने गाठता येतात, आणि म्हणूनच तिथे गर्दीही असते. सँडी क्रीक धबधब्याकडे जाणारी रेनॉल्ड्स नदीची वाट मात्र कच्ची असून ओढ्यांच्या पाण्यातून जाते, म्हणून तिथे फोर-व्हील-ड्राइव्हच हवी. माझ्या मते तिथल्या तळावर तंबू ठोकून सकाळी लवकर डोहाकडे चालत जाण्यातच या सहलीची खरी गंमत आहे.

ओढ्याची खोली पायी उतरून अजमावण्याची नेहमीची सवय इथे मात्र विसरावी. ‘खाऱ्या पाण्यातील’ म्हणवणारी मगर गोड्या पाण्यातही सुखाने राहते, त्यामुळे खोलीदर्शक खांब पाहूनच निर्णय घ्यावा आणि शंका असल्यास सरळ मागे फिरावे. पाण्यात शिरण्यापूर्वीच लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त ताकद देणारा फोर-व्हील-ड्राइव्हचा गिअर) टाकून, मध्येच गिअर न बदलता, बॉनेटपुढे एकच लाट सरकत राहील अशा संथ, एकसारख्या वेगाने गाडी न्यावी. पलीकडे पोहोचल्यावर ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबून वाळवावेत. पावसाळ्यात ही वाट बंद असते आणि तो ओसरल्यावरही ती लगेच उघडत नाही, तेव्हा तारखा ठरवण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती अवश्य पाहावी.