मॉन्युमेंट व्हॅली: आपली गाडी का त्यांचा गाईड? (फॅमिली ग्रुप 'आजोळ')

आदित्य फिनिक्स: मंडळी सल्ला हवाय. आईबाबा ऑक्टोबरमध्ये इकडे येतायत ते सगळ्यांना माहितीये. ग्रँड कॅनियन झालं की पुढे मॉन्युमेंट व्हॅलीला, म्हणजे ॲरिझोना-युटाच्या सीमेवर वाळवंटात ते लाल खडकांचे डोंगर आहेत तिथे, एक रात्र राहायचं चाललंय. तिथे आत १७ मैलांचा कच्चा रस्ता आहे, म्हणजे २७ किलोमीटर, तो आपल्या गाडीने फिरता येतो किंवा तिथल्या नवाहो (तिथले मूळ रहिवासी, आदिवासी) गाईडची टूर घ्यायची. बाबा म्हणतायत गाडी आहे तर टूर कशाला. आई म्हणते माझा गुडघा. मी मधे.

विकासमामा: गाईड कशाला रे. डोंगर काय पळून जाणारेत? नकाशा डाऊनलोड कर, पाणी घे, निघा. दाजींना ड्रायव्हिंगची हौस आहेच. ते नवाजो लोक काय सांगणार वेगळं

ओंकार: मामा, नवाहो. j चा उच्चार ह, सान होजेसारखं

विकासमामा: बरं बाबा. नवाहो.

शिल्पा डेन्व्हर: पप्पा आम्ही पण हेच म्हणून गेलो होतो, डोंगर काय पळतायत. भाड्याची सेडान घेऊन. व्हिजिटर सेंटरपासून खाली उतरतानाच असला उतार आणि खड्डे की चहाचा थर्मास मागच्या सीटवरून पुढे आला. मग एका वळणावर समोरून येणाऱ्याला साइड द्यायला गेलो आणि पुढचं चाक मऊ वाळूत बसलं ते बसलंच, जितका ॲक्सिलरेटर देऊ तितकं खाली. मागून एका नवाहो गाईडचा ट्रक आला, त्याने स्वतःच्या पॅसेंजरना थांबवलं, आमच्याच गाडीतल्या रबरी मॅट काढून चाकाखाली सरकवल्या, टायरमधली थोडी हवा सोडली आणि दोन धक्क्यांत बाहेर. पैसे दिले तर घेतले नाहीत. पैसे नंतर गाडीवाल्या कंपनीने घेतले 😑 कच्च्या रस्त्यावर नेली म्हणजे इन्शुरन्स लागू नाही म्हणे, खालचं प्लास्टिक फाटलं होतं त्याचं बिल आम्हाला.

बाबा: एसयूव्ही असेल तर?

शिल्पा डेन्व्हर: काका, एसयूव्ही असली तर जाईल बहुतेक, लोक जातात. पण मान वर करून बघणार कोण? तुम्ही तर खड्डेच बघत बसणार. माझ्या नवऱ्याला विचारा त्याने काय बघितलं, म्हणेल स्टिअरिंग.

मंजू मावशी: मी सकाळपासून वाचतेय, आता बसून टाइप करते. नलूताई, आम्ही मागच्या वर्षी ओंकारबरोबर गेलो तेव्हा गाईड घेतला, अडीच तासांची टूर. पहिली गोष्ट ही की तो १७ मैलांचा रस्ता म्हणजे सगळी व्हॅली नाही. त्या रस्त्यावरून ते दोन मोठे खांब दिसतात, हातमोज्यासारखे, मिटन म्हणतात त्यांना, एक डावा एक उजवा आणि प्रत्येकाला अंगठा. ते तर पार्किंगमधूनही दिसतात. पण आतल्या भागात आपल्या गाडीने जायला बंदीच आहे, तिथे फक्त त्यांच्या माणसाबरोबर. तिथे बिग होगन म्हणून एक जागा आहे, डोंगराच्या पोटात घुमटासारखी पोकळी आणि वर छताला गोल भोक. गाईडने आम्हाला उताराच्या दगडावर पाठ टेकून झोपायला सांगितलं आणि म्हणाला आता वर बघा. त्या भोकाच्या बाजूला दगडातच गरुडाचं डोकं दिसतं, भोक म्हणजे डोळा. सांगितलं नसतं तर जन्मात दिसलं नसतं मला. मग त्याने बासरी वाजवली. आवाज इतका घुमला की माझ्या शेजारची बाई रडायला लागली, मी पण थोडी. ओंकार फोटो काढत होता.

ओंकार: मी पण थोडा

मंजू मावशी: आणि विकास, ते लोक काय सांगणार म्हणालास ना. गाईडने ओळख करून दिली ती नाव सांगून नाही, आधी कुळं सांगितली. चार. पहिलं आईचं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. माणूस आईच्या कुळाचा. आणि एका कुळात लग्न चालत नाही. मी म्हटलं आमच्याकडेही सगोत्र चालत नाही, फक्त आम्ही ते बापाकडून मोजतो, तर तो इतका हसला. पुढचे दोन तास मला ग्रँडमाच म्हणत होता.

आई: म्हणजे आजोळ पहिलं 😀 आपल्या ग्रुपसारखं

विकासमामा: मामाला मान असणार मग तिथे. जातोच मी

मंजू मावशी: एक आजी होगनमध्ये माग मांडून बसलेली होती. होगन म्हणजे त्यांचं पारंपरिक घर, लाकडाचे ओंडके आणि वर मातीचा लेप, दार कायम पूर्वेला. आत गेल्यावर डावीकडून उजवीकडे फिरायचं, घड्याळाच्या दिशेने, मी म्हटलं ही तर प्रदक्षिणा. आजीने मेंढीची लोकर हातात घेऊन आधी विंचरली, मग चातीवर पीळ दिला, धागा असा सरसर निघत होता, आपल्या आजीच्या वाती वळण्यासारखं. केसांचा अंबाडा पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधलेला. आणि फोटो काढायच्या आधी विचारायचं हं, कुणाच्याही घराचा किंवा माणसाचा. लोक राहतात तिथे, व्हॅलीच्या आत. बऱ्याच घरांत नळाचं पाणी नाही, टाक्या भरून आणतात. आपण म्हणतो बघायला गेलो, पण आपण कुणाच्या तरी अंगणातून जात असतो.

आदित्य फिनिक्स: मावशी हे भारी आहे. माझ्याकडे नॅशनल पार्कचा वर्षाचा पास आहे, तो चालेल ना एंट्रीला?

शिल्पा डेन्व्हर: नाही! ते नॅशनल पार्कच नाहीये. नवाहो नेशनचं स्वतःचं ट्रायबल पार्क आहे, १९५८ पासून. माणशी ८ डॉलर एंट्री आणि ती बहुतेक टूरवाले त्यांच्या रेटमध्ये धरत नाहीत, वेगळी भरायची. बुक करताना विचारून घे.

बाबा: नवाहो नेशन म्हणजे नक्की केवढा भाग?

ओंकार: काका तीन राज्यांत पसरलंय, ॲरिझोना, युटा, न्यू मेक्सिको. साधारण ७१ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याला जरा कमी. राजधानी विंडो रॉक. स्वतःचे कायदे, स्वतःचे पोलीस.

विकासमामा: संध्याकाळी सूर्यास्त बघत एक बिअर तरी मिळते का

शिल्पा डेन्व्हर: पप्पा तिथे दारूबंदी आहे. विकतही नाही आणि गाडीत बाळगायची पण नाही.

विकासमामा: मग नाही जात 😐

ओंकार: आदित्य, माझं ऐकशील तर मॉन्युमेंट व्हॅलीबरोबर अँटिलोप कॅनियन पण कर. खडकातली अरुंद घळ आहे, पेज गावाजवळ, तिथून व्हॅली दोन तास. अँटिलोपमध्ये तर गाईडशिवाय पाय ठेवता येत नाही, १९९७ पासून. त्या वर्षी १२ ऑगस्टला लांब कुठेतरी पाऊस पडला, इथे डोक्यावर ऊन, आणि लोअर कॅनियनमध्ये अचानक लोंढा आला, ११ पर्यटक गेले. आपल्याकडे धबधब्याखाली उभे असताना वरून पाणी वाढतं ना, तसंच. म्हणून गाईडकडे हवामानाची खबर असते आणि तो कॅन्सल म्हणाला की कॅन्सल, वाद घालायचा नाही.

आई: दोन आहेत का कॅनियन? अप्पर लोअर म्हणतात ते

ओंकार: हो मावशी. तुझ्या गुडघ्याला अप्पर. आत जमीन सपाट आहे, वाळूतून सरळ चालायचं, फक्त परतताना बाहेरून थोडा चढउतार आणि पायऱ्या आहेत. लोअरला लोखंडी जिने आहेत, अरुंद आणि उभे. छतातून उन्हाचा खांब पडलेला फोटो बघतेस ना तो अप्परचा, पण तो मार्च अखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि दुपारच्या सुमारास. तुम्ही येईपर्यंत संपत आलेला असेल, त्यासाठी महागडी दुपारची वेळ घेऊ नका. रंग तसेही दिसतात.

बाबा: गर्दी फार असते असं एका मित्राने सांगितलं. मेंढरं हाकतात तसं.

ओंकार: असते, खोटं नाही बोलणार. पुढे चला पुढे चला चालू असतं. व्हॅलीत तसं नाही वाटलं.

मंजू मावशी: मला विचाराल तर एकच करा आणि नीट करा. नलूताईला दिवसाला दोन ठिकाणं झेपणार नाहीत. आणि शांतताच हवी असेल तर कॅनियन डी शे. उच्चार डी शे असाच, चेली नाही. चिन्ले गावाजवळ आहे. वरच्या कड्यावरून फुकटात बघता येतं, स्पायडर रॉक म्हणून जवळजवळ ८०० फुटांचा सुळका आहे. खाली तळात जायचं तर गाईड लागतोच कारण खाली लोकांची शेतं आहेत अजून. आमच्या गाईडची आजी तिकडची. त्याने सांगितलं की १८६४ ला अमेरिकन सैन्याने तिथली घरं जाळली, पीचची झाडं तोडली आणि लोकांना न्यू मेक्सिकोपर्यंत पायी नेलं, पाचशे किलोमीटरच्या आसपास. चार वर्षं तिथे डांबून ठेवलं, १८६८ ला करार झाला तेव्हा परत आले. तो हे सांगताना आवाज चढवत नव्हता, गाडी चालवता चालवता पीचच्या झाडांवर येऊन थांबला. आजी म्हणे पीच खाताना दर वेळी बी पुसून ठेवायची.

(दुपारभर कुणीच काही लिहिलं नाही)

विकासमामा: दाजी गाईड घ्या. मी माझं मत मागे घेतो.

बाबा: घेतोय. आदित्य, बुक करण्याआधी विचार, गाडी उघडी का बंद?

आदित्य फिनिक्स: उघडा ट्रक आहे बाबा, मागे बाकं आणि वर छप्पर. काहींकडे बंद एसयूव्ही पण आहे, थोडे जास्त पैसे.

मंजू मावशी: बंद घे. उघड्यात मजा येते पण नलूताईला नको. चढायला शिडीसारखी पायरी, त्यात खड्ड्यांत कंबर आपटते, आणि वारा सुटला की लाल वाळू दातांत, कानांत, केसांत. माझ्या पांढऱ्या ओढणीची विटकरी ओढणी झाली, अजून तशीच आहे. सकाळचं तर ऑक्टोबरमध्ये हुडहुडी भरते, पाच हजार फुटांच्या वर आहे ते, आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच. आणि अर्ध्या वाटेत बाथरूम शोधायला लागू नये, निघतानाच जाऊन या.

शिल्पा डेन्व्हर: आणि रूट विचार. दीड तासाची स्वस्त टूर म्हणजे तोच १७ मैलांचा रस्ता थोडाफार, जो आपल्या गाडीनेही होतो. बॅककंट्री, म्हणजे आपल्या गाडीला बंदी असलेला तो आतला भाग, लिहिलंय का बघ. कंपनी नवाहो लोकांची आहे का, पार्कचं परमिट आहे का ते पण. पार्किंगमध्ये टपऱ्या असतात त्यांच्या, तिथे जाऊनही घेता येते, पण बंद गाडी हवी तर आधीच फोन कर. टिप १५-२० टक्के धरून ठेव.

आई: खायला काय मिळतं तिथे? मी अंडंही खात नाही

मंजू मावशी: फ्राय ब्रेड. आपला भटुराच गं, जरा जाड. त्यावर राजम्यासारखे बीन्स आणि सॅलड घातलं की नवाहो टाको, मांसाशिवाय सांगायचं. पण तळलंय कशात ते विचार, काही ठिकाणी चरबीत तळतात. हा पण त्या डांबून ठेवलेल्या काळातला पदार्थ, सरकारी शिध्यात मैदा आणि चरबीच मिळायची त्याचं केलेलं.

आई: मग मी तिखटमिठाच्या पुऱ्याच घेऊन येते घरून

आदित्य फिनिक्स: झालं बुक. बॅककंट्री, अडीच तास, बंद गाडी, शुक्रवार सकाळी ८.

ओंकार: कुठले ८? 😬

आदित्य फिनिक्स: म्हणजे?

ओंकार: अरे ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही पण नवाहो नेशन करतं. नोव्हेंबरपर्यंत व्हॅली फिनिक्सच्या एक तास पुढे. पेजला मात्र फिनिक्सचीच वेळ, अँटिलोपच्या टूर त्याच वेळेने. आणि फोन ज्या टॉवरला लागेल ती वेळ दाखवतो. आम्ही असेच एक तास उशिरा पोचलो होतो, गाईड गेलेला, दुपारची टूर मिळाली ती नशिबाने.

मंजू मावशी: नशिबाने नाही, मी हात जोडले म्हणून.

आदित्य फिनिक्स: विचारलं. त्यांचे ८. आपले ७.

बाबा: हातातलं घड्याळ तिथल्या वेळेला लावून ठेवतो, फोन बघायचाच नाही.

आई: म्हणजे मी आपल्या पाचला उठणार. खोलीत चहाचं काय?

मंजू मावशी: कॉफीचं मशीन होतं आमच्या खोलीत, त्यात नुसतं गरम पाणी काढता येतं. पावडर आपली ने, आणि आलं किसून नको नेऊस, सुंठ ने.